योजना ऑनलाइन झाली. बाहेर कोण राहिलं? गावपातळीवरच्या धोरण-अभ्यासाची पायरीवार पद्धत

‘डिजिटल सेवा आणि वंचित घटक’ अशा धर्तीच्या नावाचे अहवाल माझ्याकडे तपासायला येत असतात. समाजकार्याचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते, अधूनमधून एखादा पत्रकार. मेहनत भरपूर असते, पण चूक बहुतेकांची एकच असते. रेशन दुकानासमोरच्या रांगेत ५० जणांना गाठलं, ४३ जण म्हणाले अडचण नाही, की निष्कर्ष लिहून मोकळे: ‘८६ टक्के लाभार्थी समाधानी’. अहो, रांगेत उभा कोण राहतो? ज्याचा अंगठा लागतो तो. जिचा तीन महिने लागला नाही, ती म्हातारी घरी बसली आहे.

थोडक्यात, सेवा मिळालेल्यांना विचारून सेवा न मिळालेल्यांचा अभ्यास केला जातो. अपूर्णांकाचा अंश मोजला जातो आणि छेद कुठून आला हे कोणी पाहतच नाही. खालची सगळी पद्धत या एका चुकीभोवती रचली आहे. उदाहरण रेशनच्या ई-पॉस मशीनचं, म्हणजे दुकानात अंगठा लावून ओळख पटवायच्या यंत्राचं, घेतलं आहे. शिष्यवृत्ती, निराधार पेन्शन किंवा दाखल्यांसाठी कागद बदलतील, क्रम हाच ठेवा.

१. प्रश्न एका वाक्यात बसवा

‘डिजिटलायझेशनचा वंचितांवरील परिणाम’ हा प्रश्न नाही, ते परिसंवादाचं शीर्षक झालं. प्रश्न असा हवा: ‘या गावातल्या दोन रास्त भाव दुकानांना जोडलेल्या अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब कार्डांपैकी किती कुटुंबांना मागच्या तीन महिन्यांत, मशीनवर ओळख न पटल्यामुळे, एकदा तरी धान्याविना परतावं लागलं?’ कोण, कुठे, किती काळ आणि नेमकं काय मोजायचं हे त्यात आलं.

‘बाहेर राहणं’ तीन तऱ्हांचं असतं. एक, ज्याचं कार्डच नाही किंवा कार्डावर नाव नाही. दोन, नाव आहे पण धान्य मिळत नाही. तीन, धान्य मिळतं पण तीन-तीन हेलपाट्यांनंतर. तिन्ही मोजायच्या असतील तर तिन्हींसाठी वेगळी यादी आणि वेगळे प्रश्न लागतात. वेळ कमी असेल तर एकच निवडा आणि तसं स्पष्ट लिहा.

*तपासा:* तुमच्या प्रश्नातला छेद तुम्हाला बोट ठेवून दाखवता येतो का? ‘गावातले गरीब’ हा छेद नाही. ‘दुकान क्रमांक अमुकच्या यादीतली ४२० कार्डं’ हा छेद आहे.

२. नियमाचा मूळ कागद हातात घ्या

बातमी वाचून, दुकानदाराला विचारून किंवा कुणीतरी पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाहून ‘नियम असा आहे’ असं लिहू नका. कागदांची उतरंड लावा: कायदा, त्याखालचे नियम, अधिसूचना, शासन निर्णय, परिपत्रक आणि सगळ्यात खाली तोंडी आदेश. गावात चालतो तो बहुतेक वेळा शेवटचा, आणि तो वरच्या कागदाशी जुळतोच असं नाही. वरचा नियम आणि खालची वहिवाट यांतली फट सापडली, की अर्धा अभ्यास तिथेच झाला.

रेशनपुरते हे कागद किमान वाचा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, तक्रार निवारणासाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग. आधार कायदा, २०१६, कलम ७: लाभासाठी आधार मागता येतं, पण ज्याला क्रमांकच मिळालेला नाही त्याला ओळखीचा दुसरा व्यवहार्य मार्ग द्यावा लागतो. केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्र: आधार नाही, जोडलेलं नाही किंवा मशीनवर जुळत नाही, एवढ्यावरून धान्य नाकारू नये.

इथे एक बारीक घोटाळा होतो. ‘आधार नाही’ आणि ‘आधार आहे पण अंगठा जुळत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ७ चं परंतुक (कलमाला जोडलेली अपवादाची अट) पहिल्या गटाबद्दल बोलतं. दुसऱ्या गटासाठी त्याचाच दाखला दिलात तर पुरवठा शाखेतला अनुभवी कारकूनही तुम्हाला तिथल्या तिथे गप्प करेल.

महाराष्ट्राचा शासन निर्णय उद्धृत करताना विभाग, दिनांक आणि संगणक सांकेतांक तिन्ही लिहा. नंतरच्या शुद्धिपत्रकाने तो बदलला आहे का, तेही पाहा. रद्द झालेल्या जीआरवर बेतलेली शिफारस मी एकदा स्वतः देऊन आलो आहे. समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे नवा जीआर पुढे सरकवला. पुढचं बोलणं पाच मिनिटांत संपलं.

३. माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका

बहुतेक जण आधी गाव फिरतात आणि मग आकडे कमी पडले म्हणून अर्ज करतात. उत्तराला ३० दिवस लागू शकतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील. त्याच्या निर्णयाला ३० ते ४५ दिवस. म्हणून घड्याळ आधी सुरू करा.

महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयाकडे अर्ज करताना:

- ठरलेला नमुना वापरा. एका अर्जात एकच विषय ठेवा, मजकूर १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. दोन विषय असतील तर दोन अर्ज.
- ‘धान्य का दिलं नाही?’ असं विचारू नका. कायद्याने मिळते ती कागदावर असलेली माहिती, खुलासा नाही. ‘अमुक दुकानाची मागच्या सहा महिन्यांची महिनावार यशस्वी आणि अयशस्वी व्यवहारांची संख्या’, ‘अंगठा न लागलेल्यांना धान्य दिल्याच्या अपवाद नोंदवहीची प्रत’ असं मागा.
- अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतल्या जन माहिती अधिकाऱ्याला करा, मंत्रालयाला नको. चुकीच्या जागी गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य जागी पाठवायची तरतूद आहे खरी, पण तिच्या भरवशावर राहू नका.
- कार्डधारकांची नावं मागितलीत तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येऊ शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मधल्या दुरुस्तीने ही पळवाट आणखी रुंद केली आहे. आधी संख्या मागा. यादी लागत असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २७ चा उल्लेख करा. सार्वजनिक वितरणाची कागदपत्रं लोकांसाठी खुली ठेवावीत असं ते कलम सांगतं.

*इशारा:* ‘अशी कोणतीही नोंदवही ठेवण्यात येत नाही’ असं उत्तर आलं तर वैतागून ते फाइलच्या तळाला घालू नका. अपवादाची सोय कागदावर आहे आणि तिची नोंदच होत नाही, हा सही-शिक्क्याचा पुरावा तुम्हाला फुकट मिळाला.

४. यादी, नमुना आणि बंद दारं

अभ्यास इथेच बिघडतो, म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

समजा यादीत ४२० कार्डं आहेत आणि तुम्हाला ८४ घरं झेपतील. ४२० भागिले ८४ म्हणजे ५. एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचला. ३ आला तर तिसरं, आठवं, तेरावं असं शेवटपर्यंत जा. दुकानदाराने ‘ही घरं बघा, चांगली माणसं आहेत’ म्हणून दिलेली नावं, सरपंचांनी सोबत दिलेला माणूस, स्वतःची ओळख, यातलं काहीही नमुना निवडताना चालत नाही. किती घरं पुरतात? अशा चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या सुमारे १०० घरांवर तुमचा टक्का साधारण १० इकडे-तिकडे होऊ शकतो, ४०० घरांवर ५. एका गावासाठी पहिला अंदाज पुष्कळ आहे, फक्त ‘३१.७ टक्के’ असं दशांशात लिहून खोटा नेमकेपणा आणू नका.

एकट्या माणसाची कार्डं यादीतून वेगळी काढा. कार्डावरच्या कोणाही सदस्याचा अंगठा चालतो, त्यामुळे पाच माणसांच्या घरात एकाचा नाही लागला तर दुसऱ्याचा लागतो. एकट्या विधवेला दुसरा अंगठा आणायचा कुठून? त्यातून वय झालेलं, हात सिमेंटने नाहीतर शेतीकामाने झिजलेले. अशी कार्डं थोडीच असतात, म्हणून शक्यतो सगळी घ्या. पण त्यांचे आकडे वेगळे मांडा. बाकीच्यांत मिसळले तर एकूण टक्केवारी फुगेल.

आता बंद दार. यादीतल्या घराला कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्यायची सवय सर्रास आहे. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीनंतर हे केलंत तर संपलंच. कुलूप लागलेली निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली असतील आणि कारखान्याच्या तळावर त्यांचं रेशन मिळतं का, हाच तर तुमचा विषय. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. तरी नाहीच भेटले तर ‘भेट झाली नाही, कारण: स्थलांतर’ अशी नोंद करा आणि ती संख्या अहवालात ठेवा. मुक्काम मार्च-एप्रिलनंतर ठरवता आला तर उत्तम.

आणि ज्यांचं कार्डच नाही ते? ते या यादीत सापडणारच नाहीत. त्यांच्यासाठी एक-दोन वस्त्या निवडून दारोदार मोजणी करा, एकही घर न गाळता. आशा आणि अंगणवाडी सेविकेला आधी भेटा. कोणतं पाल कोणत्या यादीत नाही, हे ग्रामपंचायतीपेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं.

*तपासा:* भेटलेली, नकार दिलेली आणि कुलूपबंद घरं. तिन्हींची बेरीज निवडलेल्या मूळ नमुन्याइतकी येते का? नसेल तर वहीत कुठेतरी शेजारचं घर शिरलं आहे.

५. प्रश्न मताचे नकोत, घटनेचे हवेत

‘तुम्हाला ऑनलाइन पद्धतीचा त्रास होतो का?’ याला लोक सभ्यपणे ‘नाही’ म्हणतात. एका दारातला संवाद जसाच्या तसा देतो.

‘मावशी, रेशन मिळतं का?’
‘मिळतं की.’
‘मागच्या महिन्यात कितव्या खेपेला मिळालं?’
‘तिसऱ्या. पहिल्यांदा मशीनला रेंज नव्हती. मग अंगठा धरला नाही. मग नातीला नेली, शाळा बुडवून.’

पहिल्या उत्तरावर थांबला असतात तर तुमच्या वहीत ‘अडचण नाही’ अशी नोंद झाली असती. सरकारी प्रणालीतही त्या महिन्याचं धान्य दिल्याचीच नोंद आहे. दोन फुकट खेपा आणि नातीची बुडालेली शाळा तिथे कुठे दिसणार?

म्हणून विचारा: मागच्या महिन्यात किती वेळा गेलात? पहिल्या वेळी नेमकं काय झालं? अंगठा किती वेळा लावला? न लागल्यावर दुकानदार काय म्हणाला? पावती मिळाली का, तिच्यावर किती किलो आणि पिशवीत किती? मजुरी बुडली का? एक महिना मागे जाण्यापर्यंत आठवण ठीक असते. तीन महिन्यांसाठी सणवाराचा टेकू द्या: ‘पोळ्याच्या महिन्यात मिळालं होतं का?’

फोनबद्दल ‘घरात फोन आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रश्न असा होता की स्त्री स्वतः वापरते असा मोबाइल तिच्याकडे आहे का; देशभरात ५३.९ टक्के स्त्रियांनी हो म्हटलं. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के होत्या आणि पुरुष ५७.१ टक्के. तेव्हा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, तो माणूस दिवसा कुठे असतो आणि नंबर बदलला आहे का, हे विचारा.

‘घरात कोणी अपंग आहे का?’ असं सरळ विचारलं की उत्तर निम्म्या वेळा ‘नाही’ येतं. चष्मा लावूनही न दिसणारे आजोबा लोकांच्या लेखी अपंग नसतात. त्याऐवजी सहा प्रश्न विचारा: दिसणं, ऐकणं, चालणं-चढणं, आठवणं, स्वतःचं आवरणं आणि बोलून समजावणं यांत किती अडचण येते? काहीच नाही, थोडी, खूप, की जमतच नाही? वॉशिंग्टन गटाचा लघु संच म्हणून ही पद्धत जगभर वापरतात. मराठीत करताना शब्द बोलीतले ठेवा.

पक्की प्रश्नावली छापण्याआधी नमुन्याबाहेरच्या दहा घरांत वापरून बघा. दोन-तीन प्रश्न तरी बदलावेच लागतात.

६. दारात गेल्यावर

दुकानात किंवा दुकानासमोर मुलाखत घेऊ नका. दुकानदार ऐकत असताना कोण बोलणार? दुकानदाराची मुलाखत जरूर घ्या, पण वेगळी आणि शेवटी. त्याचीही बाजू असते: मशीन बिघडलं तर शिव्या त्यालाच, रेंजसाठी मशीन घेऊन गच्चीवर चढणारा तोच.

आधार क्रमांक लिहू नका, कार्डाचा फोटो काढू नका, कोणी आपणहून पुढे केलं तरी. प्रत्येक घराला सांकेतिक क्रमांक द्या आणि नाव-पत्त्याची वही वेगळ्या ठिकाणी ठेवा. संमती घेताना साफ सांगा की यातून तुमचं रेशन सुरू होईल असं नाही आणि बोलला नाहीत तर बंदही होणार नाही. हातात कागदाची फाइल दिसली की लोकांना तुम्ही सरकारी वाटता. तो गैरसमज चालू ठेवून मिळवलेली माहिती वापरण्याच्या लायकीची नसते.

*इशारा:* एखाद्या घरात महिनोन्‌महिने धान्य नाही असं दिसलं तर अभ्यास संपायची वाट पाहू नका. त्यांची तक्रार लिहून देऊन पोच मिळवायला त्याच दिवशी मदत करा आणि वहीत तशी नोंद करा.

७. दोष मशीनचा, की मशीनच्या नावावर खपवलेला?

‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांखाली निदान पाच गोष्टी दडतात. रेंज नाही. अंगठा जुळत नाही. आधार रेशनकार्डाशी जोडलेलं नाही किंवा ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) अपुरी आहे. नाव यादीतून कापलं गेलं आहे. आणि पाचवी, माल आलेलाच नाही किंवा भलतीकडे गेला. पाचव्याशी तंत्रज्ञानाचा काहीही संबंध नाही, पण सांगायला सर्व्हर सोयीचा पडतो.

पडताळा असा घ्या. रेंजचा दोष असेल तर त्या दिवशी सगळ्यांचेच व्यवहार अडलेले असतील. पावत्यांच्या तारखा जुळवून पाहा. अंगठ्याचा असेल तर त्याच कार्डावरच्या दुसऱ्याचा लागला असेल. नाव कापलं असेल तर ऑनलाइन यादीत ते दिसणार नाही.

नवीन कार्ड न मिळण्याचं कारण तर बहुधा पूर्ण वेगळंच असतं: इष्टांक. राज्याला सुमारे ७ कोटी लोकांची मर्यादा २०११ च्या जनगणनेवरून ठरवून दिलेली. ती भरली की नवं कुटुंब आत घ्यायला जागा नाही. अर्जदाराला पोर्टलवर अर्ज ‘प्रलंबित’ दिसतो आणि तो पोर्टलला दोष देतो. अभ्यासकानेही तोच दोष उचलला तर शिफारस निघते ‘पोर्टल सुलभ करावे’. पोर्टल कितीही सुलभ केलं तरी इष्टांक वाढणार नाही.

*तपासा:* प्रत्येक नकाराच्या नोंदीसमोर कारण कोणी सांगितलं (कुटुंबाने, दुकानदाराने की कागदाने) हे लिहिलं आहे का?

८. आकडे मांडताना

टक्क्याआधी संख्या लिहा: ‘८४ पैकी २१’. एकट्यांची कार्डं, स्थलांतरित आणि स्त्री कुटुंबप्रमुख हे वेगळे दाखवा, पण एखाद्या गटात सातच घरं असतील तर टक्केवारी काढू नका, सात घरांचीच गोष्ट सांगा. एका गावावरून ‘महाराष्ट्रात’ असं वाक्य लिहू नका. बाकी तक्ते साधे ठेवा. रंगीत गोल आलेखाने कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आणि छापायच्या आधी निष्कर्ष गावात वाचून दाखवा. ‘हे आमच्या वाडीत असं नाही’ असं कोणीतरी म्हणतंच आणि बऱ्याचदा ते बरोबर असतं.

९. शिफारस: ज्याच्या हातात जे आहे तेच मागा

इथे दोन चुका नेहमीच्या. पहिली, सगळ्या रोगांवर ‘डिजिटल साक्षरता प्रशिक्षण’ हे एकच औषध. सत्तरीच्या बाईचे ठसे झिजलेत. प्रशिक्षण कसलं देणार? दुसरी, ‘शासनाने लक्ष द्यावे’. शासन म्हणजे नेमकं कोण?

प्रत्येक मागणीसमोर पद लिहा. अपवाद नोंदवही दुकानात ठेवणं आणि तपासणं: तहसीलदार, पुरवठा निरीक्षक. नाकारलेलं धान्य आणि त्याची भरपाई: जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, पुढे राज्य अन्न आयोग. मशीनवर नकाराचं कारण छापलेली पावती निघावी: राज्याचा अन्न व नागरी पुरवठा विभाग, कारण प्रणालीत असा बदल तालुक्याच्या हातात नाही. नव्या नियमाचा मसुदा खुला असेल तर हरकती-सूचनांच्या मुदतीत तुमचं टिपण पाठवा. केंद्राच्या २०१४ च्या पूर्वविचारविनिमय धोरणात मसुदा किमान ३० दिवस खुला ठेवावा असं म्हटलं आहे. तिथे मसुद्याचा नियम क्रमांक, त्यातला अडचणीचा शब्द आणि त्याजागी हवा तो शब्द असं द्या. भाषण कोणी वाचत नाही.

टिपण दोन पानांचं: पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष, मग नियम काय सांगतो आणि गावात काय घडतं, मग पदवार मागण्या. पद्धत आणि मर्यादा शेवटी अर्ध्या पानात. पूर्ण अहवाल मागितला तरच द्या.

कार्यालयात टिपण देताना दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. त्या पोचेचा फोटो त्याच दिवशी गावातल्या दोन-तीन जणांकडे देऊन ठेवा. तीन महिन्यांनी त्याच ८४ दारांवर पुन्हा जायचं आहे, आणि तेव्हा पहिला प्रश्न ते विचारणार आहेत: ‘दिलंत का मग तुम्ही ते?’